बांधावर जाऊन येणं: विद्यार्थ्यांच्या लॉ जर्नलमध्ये नेमकं काय काम चालतं

आमच्या चोपडा तालुक्यात जमीन घेणारा माणूस सातबारा बघून लगेच इसार देत नाही. आधी गट नंबर जुळवतो. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का ते बघतो, जुने फेरफार काढतो. मग एक दिवस सकाळी उठून बांधावर जाऊन उभा राहतो. कागदावर विहीर आहे, ती जागेवर आहे का? चतुःसीमा जुळतात का? बागायत लिहिलंय, तर पाणी कुठून येतं? शेजारच्या शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारतो. पैशाचं बोलणं त्यानंतर.

मागच्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. ती बाहेरगावी कायद्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काका, आमच्या कॉलेजच्या लॉ जर्नलमध्ये नवीन मुलं घेताहेत. फॉर्म भरू का? सगळे म्हणतात सीव्हीला चांगलं असतं. पण तिथे करायचं काय असतं ते कोणीच नीट सांगत नाही." मागून तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा आवाज आला, "हाई काय शे? नोकरी शे का?" सुट्टीत घरी आलेली असावी. भावाला मी वर लिहिलेली जमिनीची गोष्ट सांगितली, जर्नलवर लेखांचे आधार असेच मुळात जाऊन तपासतात म्हणालो, आणि त्याला ते एका मिनिटात कळलं. पुतणीला मात्र सविस्तर सांगायला हवं होतं. मी विद्यार्थी असताना अशा एका जर्नलवर दोन वर्षं काम केलं. आता अमळनेरला वकिली करतो. तिच्यासारखी खान्देशातली पुष्कळ मुलं आज कायदा शिकताहेत, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

आधी घोटाळा होतो तो शब्दाचा. वकिलांच्या कपाटात जाड पुठ्ठ्याचे जे खंड दिसतात, ते बहुतेक निकालांचे असतात. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, नागपूरहून निघतो, त्यात १९१४ पासूनचे निकाल आहेत. एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस, लखनौचा, १९६९ पासूनचा. न्यायालय काय म्हणालं ते त्यांत छापतात. लॉ जर्नल वेगळं. न्यायालय जे म्हणालं ते बरोबर की चूक, कायद्यात फट कुठे राहिली, एखादं कलम गावपातळीवर कसं वापरलं जातं, यावर अभ्यास करून लिहिलेले लेख जर्नलमध्ये येतात. लेख प्राध्यापकांचे असतात, वकिलांचे असतात, विद्यार्थ्यांचे असतात, कधी न्यायमूर्तींचेही असतात.

आणि ते लेख निवडायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे काम विद्यार्थी करतात. वैद्यकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात असं होत नाही. तिथे नियतकालिक चालवतात ते त्या विषयात मुरलेले लोक. कायद्यात मात्र ही रीत अमेरिकेत रुजली आणि तिथून पसरली. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ साली विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि आजही तेच चालवतात. १९९० मध्ये बराक ओबामा त्याचे अध्यक्ष झाले, त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला जळगावला आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं, हे मला लक्षात ठेवायला सोपं जातं.) आपल्याकडे बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा रिव्ह्यू आणि कोलकात्याच्या कायदा विद्यापीठाचा, २००८ पासून निघणारा एनयूजेएस लॉ रिव्ह्यू ही विद्यार्थ्यांनी चालवलेल्या जर्नलांची ठळक नावं.

विशीतल्या पोरांनी तपासलेल्या लेखांना वजन किती असणार, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून एकच उदाहरण देतो. डिसेंबर १८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांचा खाजगीपणाच्या हक्कावरचा लेख हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये आला. जर्नलला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा त्या निकालपत्रात या लेखाची चर्चा आहे. सव्वाशे वर्षांनी, दुसऱ्या देशात.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे, जरी ते विद्यार्थ्यांच्या जर्नलचं नाही. विदर्भातल्या मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ते एससीसीच्या जर्नल विभागात छापून आलं. त्यानंतर देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या पत्राची ताकद रागात होतीच, पण निकालातला तर्क ओळीओळीने उलगडून दाखवण्यातही होती. कायद्याचं लिखाण असं असतं. निकालपत्रात नेमकं काय लिहिलंय ते ज्याने पुन्हा पुन्हा वाचलंय, त्यालाच ते चूक आहे असं म्हणता येतं.

आत कसं घेतात

प्रत्येक कॉलेजची पद्धत वेगळी, पण सांगाडा साधारण सारखा. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून अर्ज मागवतात. सोबत स्वतःचं एखादं लिखाण मागतात. मग चाचणी. मुद्दाम चुका पेरलेला पाच-सहा पानांचा मजकूर देतात आणि सांगतात, सुधारून आणा. त्यात व्याकरणाच्या चुका असतात, तळटिपांच्या असतात, आणि एक-दोन ठिकाणी युक्तिवादच लंगडा असतो. शेवटी छोटी मुलाखत. अमेरिकेत काही ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुणही धरतात. तिथे परीक्षा संपल्याबरोबर लेखनाची स्पर्धा होते.

पुतणीला भीती इंग्रजीची आहे. मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येक मुलाला असते, मलाही होती. पण मी पुढे निवड समितीत बसलो तेव्हा पाहिलं, सफाईदार इंग्रजी लिहिणारी मुलं व्याकरणाच्या सगळ्या चुका पकडायची आणि खोटी तळटीप मात्र तशीच सोडून द्यायची. वाक्य छान वाहत असलं की ती वाहून जायची. एखादा मुलगा अडखळत वाचायचा, म्हणून त्याला ती टीप खटकायची. आम्ही दुसऱ्याला घ्यायचो. भाषा वर्षभरात सुधारते.

आत गेल्यावर उतरंड असते. वर मुख्य संपादक, मग संपादक, मग सहसंपादक, आणि सगळ्यांत खाली नवी मुलं. एखादे प्राध्यापक सल्लागार म्हणून असतात. नव्या मुलांच्या वाट्याला येतं ते तळटिपा तपासण्याचं काम. पुष्कळ जण याला हमाली समजतात. मला विचाराल तर जर्नलवर शिकण्यासारखं सगळ्यांत मोठं काम हेच. म्हणून यावरच जास्त बोलतो.

तळटीप म्हणजे गट नंबर

कायद्याच्या लेखात जवळजवळ प्रत्येक विधानाच्या डोक्यावर बारीक आकडा असतो आणि पानाच्या तळाशी त्याचा आधार. समजा टीप अशी आहे: केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (१९७३) ४ एससीसी २२५. म्हणजे १९७३ सालच्या एससीसीचा चौथा खंड, पान २२५ पासून. तोच निकाल एआयआरमध्ये बघायचा तर एआयआर १९७३ एससी १४६१. जमीन एकच, उतारे दोन. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक निकालाला स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यामुळे कोणत्या प्रकाशकाचा खंड आहे याची गरज उरली नाही. मुंबई उच्च न्यायालयही असे क्रमांक देतं. जळगाव, धुळे, नंदुरबारची प्रकरणं औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, त्यांच्या क्रमांकात बीएचसी-एयूजी अशी खूण दिसते.

टीप लिहायची कशी याचे नियमही ठरलेले आहेत. अमेरिकेत ब्लूबुक चालतं. १९२६ साली विद्यार्थी संपादकांनीच ते पहिल्यांदा काढलं, तेव्हा छोटी पुस्तिका होती, आज शेकडो पानांचा ग्रंथ आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डची ऑस्कोला पद्धत आहे. आपली जर्नलं या दोन्हींपैकी एक घेतात किंवा स्वतःची नियमावली करतात. स्वल्पविराम कुठे, तिरपं अक्षर कुठे, हे महिन्याभरात हाताला बसतं. त्यावर मी वेळ घालवत नाही.

खरा प्रश्न बांधावर जाण्याचा आहे. लेखक म्हणतो "न्यायालयाने असं ठरवलं" आणि खाली पान देतो. तपासणाऱ्याने तो निकाल उघडायचा, ते पान काढायचं, तो परिच्छेद वाचायचा, त्याच्या आधीचा आणि नंतरचाही वाचायचा. आणि स्वतःला विचारायचं, हे इथे खरंच लिहिलंय का? कोणी लिहिलंय?

हा "कोणी" फार महत्त्वाचा. निकालपत्रात बोलणारे आवाज पुष्कळ असतात. न्यायमूर्ती आधी वादीचा युक्तिवाद सविस्तर मांडतात, मग प्रतिवादीचा, आणि मग स्वतःचं मत देतात. घाईत वाचणारा वादीच्या वकिलाचं वाक्य उचलतो आणि न्यायालयाच्या तोंडी घालतो. निकालाच्या सुरुवातीला जी हेडनोट असते, ती तर न्यायालयाची नसतेच, ती खंड छापणाऱ्या संपादकाने केलेला सारांश असतो. तिथलं वाक्य अवतरण म्हणून देता येत नाही. शिवाय निकालाचा गाभा वेगळा आणि न्यायमूर्तींनी ओघात केलेली टिप्पणी वेगळी. पहिला खालच्या न्यायालयांना बांधतो, दुसरी तशी बांधत नाही.

मग फेरफार बघायचा. निकाल आज उभा आहे का? आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, एडीएम जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं की अटकेतल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने ते बहुमत रद्द ठरवलं. आज कोणी जबलपूरचं बहुमत चालू कायदा म्हणून दिलं, तर तो जुना उतारा दाखवून जमीन विकण्याचा प्रकार झाला.

सध्या तपासणाऱ्यांची सगळ्यांत जास्त दमछाक होते ती १ जुलै २०२४ च्या बदलाने. त्या दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण ४८२ बघा. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायला आपण जे वापरायचो ते. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत. लेखात नुसतं "कलम ४८२" लिहिलं असेल, तर कोणत्या कायद्याचं हे विचारल्याशिवाय पुढचा शब्द वाचू नये.

अक्राणी आणि मणिबेली

आता माझ्या दोन गोष्टी सांगतो. एक पकडलेल्या चुकीची, एक सुटलेल्या.

अनुसूचित क्षेत्रांवरचा, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागांवरचा, एक लेख आमच्याकडे आला होता. लेखकाने १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी दिली होती. त्यात धुळे जिल्ह्याखाली नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी असे तालुके होते. माझ्या सोबतच्या संपादकाने लाल रंगात लिहिलं: "जिल्हा चुकला, नंदुरबार करा." दुसरीकडे लेखात धडगाव तालुक्याचा उल्लेख होता, तिथे त्याने शेरा मारला: "यादीत असा तालुका नाही." मुलगा हुशार होता, त्याने नकाशा उघडून पाहिलं होतं. पण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९८५ च्या आदेशात धुळे हेच बरोबर आहे, आणि मूळ दस्तऐवजातले शब्द आपण बदलू शकत नाही. फार तर कंसात खुलासा द्यायचा. आणि अक्राणी म्हणजेच धडगाव. सरकारी कागदावर अक्राणी, एसटीच्या पाटीवर धडगाव. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण चोपड्याहून आलो याचा इथे उपयोग आहे.

दुसरी गोष्ट त्यानंतर चार-पाच महिन्यांनी घडली. लेख सरदार सरोवराच्या विस्थापितांवर होता. मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडितात गेलेलं गाव अक्कलकुवा तालुक्यातलं, म्हणजे पुन्हा आपलाच मुलूख. नर्मदा बचाव आंदोलन विरुद्ध भारत सरकार हा निकाल १८ ऑक्टोबर २००० चा, (२०००) १० एससीसी ६६४. लेखकाने लिहिलं होतं की धरणाला दिलेली पर्यावरणीय मंजुरी पुरेशा माहितीच्या आधाराविना होती असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. खाली टीप होती. टीप मी तपासली. खंड बरोबर, पान बरोबर, शब्दही जवळपास तेच. मी हिरवी खूण केली. अंक छापून गेला.

तीन आठवड्यांनी एका वाचकाचं पत्र आलं. ते शब्द न्यायमूर्ती भरुचा यांचे होते, आणि भरुचा त्या निकालात अल्पमतात होते. दोन विरुद्ध एक असा तो निकाल. बहुमताने धरणाचं काम पुढे नेण्याची वाट मोकळी केली होती. म्हणजे न्यायालयाने जे ठरवलं, त्याच्या अगदी उलट आम्ही छापलं होतं. पुढच्या अंकात आम्ही शुद्धिपत्र दिलं, ऑनलाइन प्रत दुरुस्त करून त्यावर दुरुस्तीची तारीख टाकली, लेखकाला कळवलं, वाचकाचे आभार मानले. चूक झाल्यावर जर्नलने हे सगळं करायचं असतं, आणि लपवाछपवी न करता करायचं असतं.

पण माझ्या हातून ती सुटली का, याचा मी पुष्कळ विचार केला. पान मी वाचलं होतं. भरुचांचं मत कुठून सुरू होतं ते चार पानं मागे जाऊन पाहिलं असतं तर कळलं असतं. मी मागे गेलो नाही, कारण ते वाक्य मला पटलं होतं. ते खरं असावं असं मला वाटत होतं. अक्राणीच्या वेळी घरची माहिती कामाला आली होती, मणिबेलीच्या वेळी घरची ओढ आडवी आली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो, वकिलीतही: जे वाक्य वाचताना मान आपोआप डोलते, त्याचा आधार दोनदा बघायचा.

बाकीचं काम

लेख आला की आधी त्यावरचं लेखकाचं नाव काढतात, तपासणाऱ्याला तो कोणाचा आहे ते कळू नये म्हणून. नुसतं पहिल्या पानावरचं नाव खोडून भागत नाही. फाइलच्या गुणधर्मांत नाव राहतं, आणि "मी माझ्या मागील लेखात दाखवल्याप्रमाणे" असं वाक्य असलं की झालंच. मग दोन जण स्वतंत्रपणे वाचतात. स्वीकारा, सुधारून पुन्हा मागवा किंवा नाकारा, असे तीन निर्णय. नाकारणंच जास्त होतं. नकाराच्या पत्रात एक तरी उपयोगाचं वाक्य लिहावं असं आमच्या मुख्य संपादक ताईंचं म्हणणं असायचं. त्यांनी ते कधी चुकवलं नाही.

स्वीकारलेल्या लेखावर संपादन सुरू होतं. इथे वीस वर्षांच्या मुलीला नावाजलेल्या प्राध्यापकांना लिहावं लागतं, "सर, तिसऱ्या भागातला निष्कर्ष दुसऱ्या भागातून निघत नाही असं वाटतं, कृपया पाहावं." आपल्याकडे मोठ्यांना असं विचारायची सवय नसते. पण बहुतेक लेखक अशा नम्र आणि नेमक्या प्रश्नाला नीट उत्तर देतात, हा माझा अनुभव. लेखकाचं मत मात्र बदलायचं नाही. आपल्याला पटलं नाही तरी त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूने जास्तीत जास्त भक्कम करून द्यायचं. वकिलीची याहून चांगली तालीम मला तरी माहीत नाही.

वेळ भरपूर जातो. अंक निघायच्या आधीचे दोन-तीन आठवडे रात्री जागाव्या लागतात, आणि ते नेमके परीक्षेच्या आसपास येतात. पैसे मिळत नाहीत. ज्याला मूट कोर्ट (म्हणजे सरावाचे खटले), इंटर्नशिप आणि जर्नल हे सगळं एकाच सत्रात करायचंय, त्याने करू नये. अर्धवट तपासलेला लेख न तपासलेल्यापेक्षा धोक्याचा, कारण त्यावर तपासल्याचा शिक्का असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल पुतणीने विचारलंच. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने मॅटा विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल अर्जात घातले होते, आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. नावं होती, क्रमांक होते, अवतरणंसुद्धा होती. ज्या गटाची जमीनच नाही त्याचा सुबक छापलेला उतारा. जर्नलकडे येणाऱ्या लेखांतही आता हे होणार. मूळ निकाल उघडून बघणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढली आहे.

ज्यांच्या कॉलेजात जर्नल नाही

खान्देशातल्या पुष्कळ मुलांची हीच अडचण. संपादक म्हणून जर्नलं बहुधा स्वतःच्याच कॉलेजातली मुलं घेतात, पण लेख कोणीही पाठवू शकतं. नाव झाकलेलं असतं, त्यामुळे तुम्ही बंगळुरूचे की धुळ्याचे ते वाचणाऱ्याला कळत नाही. मोठा लेख जमत नसेल तर एका निकालावरचं टिपण पाठवा. मात्र फसवणुकीपासून जपा. "दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, शुल्क अमुक" अशी जाहिरात दिसली की लांब राहा. चांगली विद्यार्थी जर्नलं सहसा लेखकाकडून पैसे घेत नाहीत, आणि दोन दिवसांत कोणाचाही लेख तपासून होत नाही. आयएसएसएन क्रमांक दाखवून भुलवतात, पण तो क्रमांक नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जा सांगत नाही. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो.

स्वतःचं जर्नल सुरू करायला चार-पाच चिकाटीची मुलं आणि एक पाठीशी उभे राहणारे सर किंवा मॅडम पुरतात. पहिल्या वर्षी एकच अंक, चारच लेख, पण प्रत्येक टीप तपासलेली. साधनांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल आता ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आमच्या वेळी त्यासाठी ग्रंथालयात खंडाची वाट बघत बसावं लागे.

विषय तर दारात आहेत. वनहक्क कायद्याचंच घ्या. २००६ च्या या कायद्याखालच्या नियमांत जंगलजमिनीवरच्या दाव्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं कथन हा पुरावा धरला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. तोरणमाळच्या पायथ्याला किंवा यावल-रावेरच्या पाड्यांवर दावे फेटाळताना कोणती कारणं दिली जातात, ते आदेश गोळा करून वाचणं दिल्लीच्या विद्यार्थ्यापेक्षा शहाद्याच्या विद्यार्थ्याला सोपं. आदिवासींची जमीन परत देण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात, (१९८५) १ एससीसी ४७९, वैध ठरवला. तहसील कचेरीत आज त्याचं काय होतं? केळीचा हवामानावर आधारित पीक विमा घ्या. तापमानाची नोंद मंडळातल्या केंद्रावर होते आणि नुकसान बागेत होतं, या दोहोंमधल्या अंतराचा धोका करारानुसार कोणाचा? माझ्या भावाला यावर एक लेख वाचायला फार आवडेल.

तो वाचणार मराठीत, हाही मुद्दा आहे. तालुका-जिल्हा न्यायालयात आपण मराठीत दावे लिहितो, साक्षी मराठीत होतात, पण कायद्यावरचा बहुतेक विचार इंग्रजीत छापला जातो. निदान प्रत्येक लेखाचा दोन पानांचा मराठी सारांश द्यायला हरकत नाही. शब्द अडले तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे.

पुतणीला मी फॉर्मबद्दल हो किंवा नाही सांगितलं नाही. एक काम दिलं. कोणताही छापील लेख घे, त्यातल्या सलग पाच तळटिपा निवड, आणि पाचही निकाल मुळातून उघडून बघ. परवा रात्री तिचा मेसेज आला. दोन झाल्या होत्या. पहिलीत पान चुकलं होतं, वाक्य सतरा पानं पुढे सापडलं. दुसरीतलं अवतरण हेडनोटमधलं निघालं, निकालात ते शब्दच नव्हते. "काका, हे छापलेलं आहे!" एवढंच खाली लिहिलं होतं. फॉर्मची शेवटची तारीख रविवार आहे, आणि तिच्या तीन टिपा अजून बघायच्या राहिल्यात.